घरासमोरचा रस्ता शॉर्टकट झालाय, गतिरोधक मागावा का?

सिग्नल चुकवायला गाड्या तुमच्या गल्लीतून भरधाव जातात, मुलांना बाहेर सोडायची धास्ती वाटते आणि गतिरोधकावरून शेजाऱ्यांत दोन तट पडलेत, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही यातून गेलोय, म्हणून सांगते: नुसता एक गतिरोधक मागू नका.

आमच्याकडे तसा एक बसवला होता. गाड्या त्याच्यापुरत्या हळू व्हायच्या आणि ओलांडला की पुन्हा सुसाट. ज्यांच्या खिडकीखाली तो होता त्यांची झोप उडाली. गाड्यांची संख्या मात्र तेवढीच राहिली, कारण वाट अजूनही जवळचीच होती.

वेग आणि गर्दी ही दोन वेगळी दुखणी आहेत, म्हणून आधी दोन्ही मोजा. रस्त्याकडेला ५० मीटरवर खडूने दोन खुणा करा आणि गाडीला किती सेकंद लागतात ते बघा. १८० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात: ६ सेकंद म्हणजे ३०, ३.६ सेकंद म्हणजे ५०. या दोन आकड्यांतला फरक कागदावर दिसतो त्याहून फार मोठा आहे. चालकाला भानावर यायला एक सेकंद लागतो असं धरा. कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाची गाडी साधारण १३ मीटरांत पूर्ण थांबते. ५० च्या गाडीचा तोवर ब्रेकही लागलेला नसतो. चेंडूमागे धावलेलं मूल त्या १३ मीटरांच्या जरा पुढे असलं तर काय होईल, हे मला सभेत बोलून दाखवावं लागलं. बोलताना आवाज कापत होता.

गर्दीसाठी गल्लीच्या दोन्ही तोंडांना एकेक जण बसवा आणि नंबरप्लेटचे शेवटचे आकडे व वेळ लिहा. इकडून शिरून दोन मिनिटांत तिकडून बाहेर पडलेली गाडी फक्त वाट कापायला आली होती. आमच्या यादीत बहुतेक गाड्या तशाच निघाल्या आणि सभेतला वाद तिथे निवळला.

मग मागणी काय करायची? गल्ली आरपार राहू देऊ नका. मधोमध काढता येतील असे खांब लावले की चालणारे आणि सायकलवाले सरळ जातात, गाड्यांना वळसा पडतो, रुग्णवाहिकेसाठी खांब उतरवता येतात. शेजारच्या गल्ल्याही आराखड्यात घ्या, नाहीतर तुमचं संकट त्यांच्या दारात जाईल. कोपऱ्यांवर गाड्या लावणंही बंद करायला लावा, त्यांच्या आडून लहान मूल चालकाला दिसतच नाही.

हा उपाय नवा नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या रहिवाशांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस घरांसमोरचे रस्ते गाड्यांना अवघड केले आणि १९७६ मध्ये तिथल्या कायद्याने अशा रस्त्यांना मान्यता दिली.

विरोध होईल, तोही घरातूनच. आमच्या शेजारच्या काकांना स्वतःच्या दारी यायला वळसा पडू लागला, ते चिडले, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून कायमचं मागण्याआधी सहा आठवड्यांचा प्रयोग मागा, जड कुंड्या ठेवूनही चालेल. आधीची मोजणी शाळा सुटायच्या वेळेची असेल तर नंतरचीही त्याच वाराची, त्याच वेळेची घ्या. आमच्या काकांनी दुसऱ्या मोजणीला घड्याळ स्वतः हातात घेतलं होतं.