बाबांच्या खोलीत कूलर लावताना मी केलेला गाढवपणा (आईच्या एसीच्या प्रश्नावर)

तुम्ही लिहिलंय की आई ७८ वर्षांच्या, एसी २२ वर लावला की गोधडी घेतात, बंद केला की तासाभरात खोली ३४ वर जाते आणि तरी म्हणतात "मला काही गरम होत नाही". हे शेवटचं वाक्य वाचलं आणि बसल्या जागी आमचे बाबाच आठवले. मी डॉक्टर नाही, नागपूरचा आहे, एवढंच क्वालिफिकेशन.

एसी कितीवर ठेवायचा याचा आकडा हवा असेल तर मी २६-२७ सांगेन, सोबत पंखा दोनवर, आणि एसीचा झोत पलंगावर नको. २०२० पासूनचे स्टारवाले एसी सुरू केले की आपोआप २४ वर येतात, ते आपल्याला ठीक आहे, म्हाताऱ्या माणसाला त्यातही हुडहुडी भरते. पण "गरम होत नाही" यावर अजिबात जाऊ नका. या वयात तहान उशिरा लागते, घाम कमी येतो, उकाडा कळतोच उशिरा. मी त्याच वाक्यावर विश्वास ठेवला होता.

झालं असं की बाबांना एसी नको, कूलरच हवा. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर लावायचा तर सोसायटीची कमिटी म्हणे बिल्डिंगचा लूक बिघडतो, लेखी अर्ज द्या, मीटिंगमध्ये ठेवू. तीन अर्ज दिले, मीटिंग झाली पार्किंगच्या पट्ट्यांवर. (सेक्रेटरींच्या स्वतःच्या गॅलरीत दोन आउटडोअर युनिट लटकतात, पण जाऊ द्या.) शेवटी मी कूलर खोलीतच ठेवला आणि थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून दार-खिडक्या गच्च बंद केल्या. हाच तो गाढवपणा. कूलर थंड करतो तो बाहेरच्या कोरड्या हवेत पाणी सुकवून, तीच तीच ओली हवा फिरवत बसलं की दोन तासांत खोलीची न्हाणी होते. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू, बाहेर ४५, आणि आत पेपर लुळा पडलेला, चादर चिकट, वाटीतला चिवडा मऊ. मला हे सगळं दिसत होतं आणि मी म्हणत होतो वा, गारवा आहे. साडेतीनला चहा घेऊन गेलो तर बाबा म्हणाले, "दुकान उघडलंस का रे?" दुकान विकून बारा वर्षं झाली होती. कपाळ तापलेलं, जीभ कोरडी. अंग पुसत, पंख्याखाली ठेवून दवाखान्यात नेलं, सोडियम उतरलेलं निघालं, त्यात बीपीसाठी लघवीची गोळी चालू होती, चार दिवस सलाइन. माणूस असं असंबद्ध बोलायला लागला तर लिंबूपाणी करत बसू नका, १०८ लावा.

तेव्हा कूलर असेल तर तो बाहेरची हवा ओढणारा हवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी. पहिला पाऊस पडला की कूलर विसरा, मग फक्त चिकचिक. मुंबई-कोकणवाल्यांनी तर पैसेच घालवू नयेत, असं माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. आणि खोलीतली हवाच ४० च्या वर गेली असेल तर नुसता पंखा म्हणजे गरम वाराच अंगावर.

तापमान आणि दमटपणा दोन्ही दाखवणारं छोटं घड्याळ तीन-चारशेत मिळतं, ते उशीच्या उंचीवर ठेवा, खिडकीजवळ नको. आमच्याकडे आता ३० दिसलं की एसी सुरू, बाबा कितीही कुरकुरले तरी, वर पातळ चादर आणि पायात मोजे, मग भांडण होत नाही. बीपीच्या गोळ्यांचं उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका प्लीज. हिवाळ्यात खोलीचं तापमान १८ च्या खाली जाऊ देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि आमच्याकडे डिसेंबरात जातं, पण म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नाही.

आणि हो, फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे का ते लिहिलंच नाहीत. खोली तासाभरात ३४ वर जाते म्हणजे बहुतेक स्लॅबच तापतोय. तसं असेल तर आधी गच्चीवर चुना मारून घ्या, एसीच्या आकड्याचं नंतर बघू. कमिटीला विचारायला मात्र आत्ताच लागा.