करिअर मार्गदर्शन: मुलीला उत्प्रेरकांवर संशोधन करायचे आहे

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्टर असलेल्या एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी सोलापुरातच बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट, व प्रदूषण कमी करणाऱ्या रासायनिक प्रक्रिया या विषयांत संशोधन करायचे आहे. नातेवाईक म्हणतात, चिंचोळीच्या औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलची नोकरी मिळते आहे ती घ्यावी, नाहीतर बी.एड. करावे. वडिलांचे दोन प्रश्न आहेत: एवढी वर्षे शिकून पुढे काय, आणि "मी आयुष्य रसायनांच्या वासात आणि रंगाच्या सांडपाण्याशेजारी काढले, तिनेही तेच का करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या मुलीने हा विषय का निवडला असेल याचे उत्तर बहुधा त्यातच आहे. टॉवेलचे ब्लीचिंग झाल्यावर बाथमध्ये, म्हणजे कापड भिजवलेल्या द्रावणात, उरलेले हायड्रोजन पेरॉक्साइड तसेच राहिले, तर रिअॅक्टिव्ह रंग नीट चढत नाही आणि शेड डागाळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पूर्वी त्यासाठी गरम पाण्याच्या धुण्यांवर धुण्या द्याव्या लागत. आज तुम्ही ज्याला 'पेरॉक्साइड किलर' म्हणता, ते बहुतेक वेळा कॅटॅलेज नावाचे एन्झाइम असते. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडून त्यांचे पाणी आणि ऑक्सिजन करतो, आणि स्वतः पुढच्या रेणूसाठी तसाच शिल्लक राहतो. पाणी वाचते, वाफ वाचते, बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात भर पडत नाही. हेच उत्प्रेरण आहे. तुम्ही ज्या घाणीला कंटाळला आहात ती घाण मुळात निर्माणच होऊ नये, यासाठी रसायनशास्त्राकडे जी साधने आहेत त्यांतले सर्वांत प्रभावी साधन तुमच्या मुलीने निवडले आहे.

हा विचार किती दूर जातो, याचे एक उदाहरण देतो. एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा निघतो, याचा हिशेब रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने 1992 मध्ये मांडला. तेलशुद्धीकरणात तो 0.1 किलोहूनही कमी होता, तर औषधनिर्मितीत 25 ते 100 किलो आणि काही वेळा त्याहूनही अधिक. म्हणजे दर किलोमागचा सर्वांत जास्त कचरा, लोक ज्याला स्वच्छ धंदा समजतात त्या औषधांच्या धंद्यात निघत होता. वेदनाशामक आयबुप्रोफेन पूर्वी सहा टप्प्यांत बनत असे आणि वापरलेल्या कच्च्या मालातील अणूंपैकी सुमारे 40 टक्केच औषधात उतरत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला निकेल आणि पॅलेडियमसारख्या उत्प्रेरकांच्या आधारे हीच निर्मिती तीन टप्प्यांवर आली आणि ते प्रमाण 77 टक्के झाले. औषध तेच राहिले, बदलला तो फक्त रस्ता. हा रस्ता शोधणे हे या क्षेत्रातील संशोधकाचे काम.

हे काम सोलापूरला परके नाही. तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला बालाजी अमाइन्सचा कारखाना आहे, तिथे मिथाइल अमाइन्स तयार होतात. मिथेनॉल आणि अमोनिया यांची वाफ घन आम्ल उत्प्रेरकावरून नेली की मोनो, डाय आणि ट्राय (म्हणजे एक, दोन व तीन मिथाइल गट असलेली) अशी तिन्ही अमाइन्स एकत्र तयार होतात; बाजाराला मात्र डायमिथाइल अमाइन जास्त हवे असते, आणि साधा सिलिका-अॅल्युमिना उत्प्रेरक वापरला तर ट्रायचा वाटा मोठा होतो. मग नको असलेला माल वेगळा करून पुन्हा फिरवावा लागतो आणि त्यात ऊर्जा जाते. झिओलाइट या स्फटिकाची छिद्रे इतकी बारीक असतात की ट्रायचा मोठा रेणू त्यांतून सहज बाहेर पडू शकत नाही, म्हणून योग्य झिओलाइट निवडला की डायचे प्रमाण वाढते. उत्प्रेरकाचा वेग, त्याची निवडकता आणि तो किती दिवस टिकतो, या तीन कसोट्यांवर संशोधकाची वर्षे खर्च होतात. जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या इथेनॉलपासून इथिलीन करणे आणि उसाच्या चिपाडापासून फरफ्युरल हे औद्योगिक रसायन काढणे, हेही उत्प्रेरकांचेच प्रश्न आहेत.

आता पहिला प्रश्न, एवढी वर्षे शिकून पुढे काय. एम.एस्सी.ची दोन वर्षे आणि पीएच.डी.ची साधारण पाच वर्षे धरली तर मुलगी पीएच.डी. होईपर्यंत 27–28 वर्षांची होईल. हा काळ मोठा आहे आणि तो लहान करून सांगणे योग्य नाही. पण ही वर्षे तुमच्या पैशावर काढायची नसतात, हे नातेवाइकांना बहुधा ठाऊक नसावे. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये फेलोशिप मिळते, वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच जुनी यूडीसीटी, आणि हैदराबादची आयआयसीटी (भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था) या उत्प्रेरणातील उत्तम जागा सोलापूरपासून रात्रभराच्या प्रवासाच्या आत आहेत. मुंबईच्या त्याच संस्थेचे माजी कुलगुरू आणि 2016 चे पद्मश्री प्रा. गणपती यादव यांनी आपली कारकीर्द याच विषयात घडवली आणि ते कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्यातून आलेले आहेत. हा विषय आपल्या भागातील मुलांच्या आवाक्याबाहेरचा नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

पीएच.डी.नंतर तेल कंपन्यांची संशोधन केंद्रे, उत्प्रेरक बनवणाऱ्या कंपन्या, औषध आणि सूक्ष्म रसायनांच्या (फाइन केमिकल्स) कारखान्यांतील प्रक्रिया विकास विभाग, इथेनॉल तंत्रज्ञानातील कंपन्या अशी दारे उघडतात. महाविद्यालयातील प्राध्यापकीवर मात्र भिस्त ठेवू नका. कायम पदांची भरती रखडते आणि पीएच.डी. झालेली गुणी मुले तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे थांबलेली मी पाहिली आहेत. त्याचे मला मनापासून दुःख होते.

या विषयातील संशोधन कसे असते, हे मुलीने आधी डोळ्यांनी पाहावे असे मला फार वाटते. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्यासाठी आल्विन मिटाश यांच्या चमूने हजारो नमुने तपासले, तेव्हा कुठे अल्प प्रमाणात इतर घटक मिसळलेल्या लोहाचा उत्प्रेरक हाती लागला आणि 1913 मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. आजही रोजचे काम याच जातीचे आहे: उत्प्रेरक तयार करायचा, भट्टीत भाजायचा, नळीत भरायचा, वायू सोडायचे, काय तयार झाले ते गॅस क्रोमॅटोग्राफ या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजायचे, आणि कालचा आकडा आज का आला नाही याचा शोध घ्यायचा. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका हुशार विद्यार्थ्याने दीड वर्षात पीएच.डी. सोडली, कारण त्याला विषय आवडत होता, पण काम आवडत नव्हते. या दोहोंतला फरक कोणत्याही परीक्षेत कळत नाही. धोक्याचेही सांगतो: दाबाखालचा हायड्रोजन आणि हवेत आपोआप पेटणारे रॅने निकेल (निकेलच्या भुकटीचा उत्प्रेरक) हाताळावे लागते. म्हणून मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची संख्या पाहण्याआधी मुलीने त्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांशी बोलावे, तिथली शिस्त पाहावी, आणि आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले हे विचारावे.

म्हणून आजच नोकरी की संशोधन असा निवाडा करू नका. एम.एस्सी. दोन्हीकडे उपयोगी पडते, आणि ती झाल्यावर क्वालिटी कंट्रोलची नोकरी कुठे पळून जात नाही. शक्य असेल तर एम.एस्सी. प्रवेशाची जॅम परीक्षा देऊन आयआयटीसाठी प्रयत्न करावा, न जमल्यास अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातून एम.एस्सी. करावी आणि उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत प्रकल्प मिळवावा. मुलीला शिकवण्याची ओढ नसेल, तर बी.एड.चा विचार सोडून द्यावा.

तोवर एक काम तुमच्याच हातात आहे. मालकांची परवानगी घेऊन ब्लीचिंगनंतरच्या बाथचे नमुने मुलीला द्या. परमँगनेटचे टायट्रेशन तिने कॉलेजात केलेलेच आहे. एन्झाइमची मात्रा, तापमान आणि सामू (पीएच) बदलत पेरॉक्साइड किती मिनिटांत किती उतरते, हे तिने सहा आठवडे मोजावे आणि प्रत्येक वाचन तीनदा घ्यावे. आकडे जुळले नाहीत तर ती चिडते की कारण शोधायला बसते, हे तुम्हाला घरीच दिसेल. ती वही पुढच्या पत्रासोबत मला पाठवा.