ताईने मला घोडा पाहायला शिकवले

नववीतल्या मुलीला लागलेले घोड्यांच्या शर्यतींचे वेड आता तिच्या धाकट्या भावालाही लागले आहे, ते वेळीच मोडून काढावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते मोडू नये. मात्र पैसा त्यापासून पूर्णपणे लांब ठेवावा. मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठी असलेली ताई १९७०च्या दशकात पुण्यात याच वेडात वाढलो, म्हणून हे खात्रीने सांगतो.

मुंबईत महालक्ष्मीच्या शर्यती हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतात आणि पावसाळ्यात घोडे पुण्याला येतात. त्यामुळे आमचा मोसम शाळेबरोबरच सुरू होत असे. सकाळी सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, घोड्यांना लगाम धरून फिरवत, तेव्हा ताई मला रस्त्याच्या कडेला उभे करून ओल्या मातीतले ठसे दाखवी. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतो, त्याच्या अलीकडे राहतो की पलीकडे जातो, हे पाहायचे. पलीकडे जात असेल तर घोडा मोकळा चालतो आहे, त्याची ढांग लांब आहे, असे ती म्हणे. मग कान कुठे वळले आहेत, मानेवर फेस आला आहे का, सईस ओढतो आहे की घोडाच सईसाला ओढतो आहे, हे क्रमाने बघायचे. घोड्याचे नाव ती सर्वांत शेवटी सांगत असे, कारण नाव आधी कळले की डोळे पाहायचे थांबतात, असे तिचे ठाम मत होते.

घरी आल्यावर वही उघडायची. कोणत्या घोड्याने किती वजन वाहिले, अंतर किती होते, मैदान ओले होते की कोरडे, हे सारे ताई वर्तमानपत्रातून उतरवून काढी. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात आणि जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून ते भरून काढतात, हे मला तिच्याकडूनच कळले. आधी जिंकलेला घोडा पुढच्या वेळी वाढलेल्या वजनाने का हरतो, हे त्या वहीत डोळ्यांसमोर दिसे. गणिताची माझी भीती तिथे गेली.

नामवंत घोड्यांच्या इतिहासाचा नाद त्यानंतर लागला. १९४३ साली झालेली पहिली इंडियन डर्बी, म्हणजे मुंबईतली सर्वांत मानाची शर्यत, प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली आणि ती बडोद्याच्या गायकवाड महाराजांची होती, ही गोष्ट ताई प्रत्येक पाहुण्याला सांगे. याच महाराजांच्या 'सयाजीराव' नावाच्या घोड्याने १९४७ साली इंग्लंडची सेंट लेजर ही मानाची शर्यत जिंकली होती, तेही तिला पाठ होते. आमच्या काळातला घोडा म्हणजे स्क्वॉन्डरर. १९७७ची डर्बी त्याने जिंकली आणि १९ शर्यतींपैकी १८ जिंकून तो निवृत्त झाला. त्याचे कात्रण ताईने वहीच्या पहिल्या पानावर चिकटवले होते.

तुमची भीती मात्र मी हलक्यात घेत नाही. आमच्याच आळीत पगाराच्या दिवशी रेसकोर्सवरून रिकाम्या खिशाने परतणारी माणसे होती आणि त्यांच्या घरातली भांडणे आम्ही भिंतीपलीकडून ऐकली आहेत. शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला, पण कायद्याच्या त्या निर्वाळ्याने कोणाचे घर सावरत नाही. आई यासाठीच आमच्यावर नाराज असे. तेव्हा ताईने तिला शब्द दिला की आम्ही एक पैसाही लावणार नाही, आणि अंदाज बरोबर आला तर वहीत फक्त बरोबरची खूण करू. तो शब्द आम्ही दोघांनीही आजवर पाळला आहे.

म्हणून तुम्हीही मुलांना एक वही आणून द्या. शक्य झाल्यास घोडे जवळून पाहता येतील अशा ठिकाणी त्यांना सकाळी घेऊन जा आणि मुलीला भावाला शिकवू द्या. ती काय पाहते हे तुम्हीही तिच्याकडून ऐका. डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते. तोवर दोघांनी आपापले अंदाज स्वतंत्रपणे लिहून ठेवावेत. ताई अजूनही घोड्याची चाल पाहून ठरवते आणि मी वजन व वेळ पाहून. यंदाही आमचे एकमत झालेले नाही.