वाचकांचे प्रश्न : नेपाळला सेवाकार्यासाठी जाताना

प्रश्न : आमच्या मंडळीतलं (चर्चमधलं) एक कुटुंब नेपाळच्या तराईत, परासीजवळ सेवा करतं. त्यांना भेटायला आणि दहा दिवस कामात हातभार लावायला आम्ही 14 जण नाताळनंतर निघायचं म्हणतोय. गाडी आणि कागदपत्रांचं कसं करावं?
– एक पाळक, नवापूर

उत्तर : आधी तारीख बदला. डिसेंबरअखेर ते जानेवारीत गोरखपूर-तराईच्या पट्ट्यात दाट धुकं असतं. गाड्या आठ-आठ तास उशिरा धावतात आणि दुपारपर्यंत ऊन पडत नाही. म्हणजे दहापैकी दोन दिवस प्लॅटफॉर्मवर जातील आणि बाहेरचं काम अकराच्या आत सुरू होणार नाही. ऑक्टोबरात दसैं-तिहार (तिथला दसरा-दिवाळी) असल्याने बसला जागा मिळत नाही, कचेऱ्याही बंद असतात. कापसाची वेचणी आटोपल्यावर, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ तुम्हालाही सोयीचा आणि त्यांनाही.

नवापूरहून भुसावळला या आणि तिथून गोरखपूरची थेट गाडी धरा. कुशीनगर एक्सप्रेस आणि काशी एक्सप्रेस दोन्ही भुसावळवरून जातात. मध्ये निदान पाच तास मोकळे ठेवा, सुरतेकडची गाडी रखडली की पुढचं सगळं गडगडतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणून 14 जणांची तीन तिकिटं होतील. 6-6-2 असं न करता 5-5-4 करा. वेटिंग राहिलं तर दोघंच मागे पडण्यापेक्षा चार-पाच जण एकत्र राहिलेले बरे. गोरखपूरहून बसने सोनौली, चालत सीमा ओलांडायची, मग भैरहवा आणि पुढे परासी. घड्याळं 15 मिनिटं पुढे करा.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, दोन्हींपैकी एक, मूळ प्रत जवळ हवी. आधार कार्डावर विसंबू नका. विमानाने जायचं ठरलं तर 15 ते 65 वयाच्या माणसाला आधारवर सोडत नाहीत.

पैसे 100 च्या आणि त्याखालच्या नोटांत न्या. मोठ्या नोटेवरून दुकानात आणि नाक्यावर वाद होतो. भारतीय 100 रुपयांचे नेपाळी 160 होतात, हा दर 1993 पासून बांधलेला आहे. तिथे ‘आयसी’ म्हणजे आपले रुपये. सांगितलेला भाव आयसीत आहे की नेपाळी रुपयांत, हे आधी विचारून घ्या. यूपीआय काही दुकानांत चालतं, पण खेड्यात रोखच लागते.

प्रश्न : तिथे सुवार्तेची पत्रकं वाटता येतील का? तरुण संघाचा खूप आग्रह आहे.
– त्याच पत्रातून

उत्तर : नाही. आग्रह कितीही असो, एकही पत्रक पिशवीत ठेवू नका. नेपाळच्या 2015 च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई आहे. 2018 मध्ये लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. तुम्ही दहा दिवसांनी भुसावळला उतराल, ते कुटुंब मात्र तिथेच राहणार आहे. चौकशी झाली तर ती त्यांच्या दारात होईल.

तिथली मंडळी शनिवारी उपासनेला जमते, कारण आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. त्या उपासनेत बसा, गा, ‘जयमसीह’ म्हणा. पण पाण्याचं किंवा शाळेचं काम करताना प्रार्थनेची अट, फोटोखाली ‘इतके आत्मे जिंकले’ असल्या ओळी, लहान मुलांचे चेहरे मोबाइलवर टाकणं, हे सगळं बंद. गटात डॉक्टर किंवा नर्स असतील तर त्यांनी नेपाळच्या वैद्यकीय किंवा नर्सिंग परिषदेची तात्पुरती नोंदणी नसताना तपासणी शिबिर भरवू नये. सोबतच्या गोळ्याही लोकांत वाटू नयेत.

प्रश्न : त्या कुटुंबाने कळवलंय की शेजारच्या वस्तीत पाण्यात आर्सेनिक आहे, फिल्टर बनवायला मदत करा. आमच्यात दोन गवंडी आणि एक प्लंबर आहे. हे काम आम्हाला जमेल का?
– त्याच पत्रातून

उत्तर : जमेल. हे काम तुम्ही सुचवलेलं नाही, त्यांनी मागितलेलं आहे, म्हणून विशेष बरं वाटलं. तराईत नवलपरासीचा भाग, ज्यात परासी येतं, बोअरच्या पाण्यातल्या आर्सेनिकसाठी ओळखला जातो. पाणी स्वच्छ दिसतं, चवही लागत नाही. वर्षानुवर्षं प्यायल्यावर तळहात-तळपाय जाड होतात, कातडीवर काळे डाग येतात. उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. नेपाळात यासाठी ‘कंचन’ नावाचा घरगुती फिल्टर वापरतात. गंजलेल्या लोखंडाला आर्सेनिक चिकटतं आणि वाळूच्या थरात जंतू अडकतात, या दोन गोष्टींवर तो चालतो.

एका फिल्टरला साधारण 60 लिटरचं प्लास्टिकचं पिंप, तळापासून वर येणारी पीव्हीसी नळी, तळाला खडी, त्यावर जाड वाळू, त्यावर बारीक वाळू (साधारण तीन घमेली) आणि तोंडावर भोकं पाडलेलं टोपलं. टोपल्यात 5 किलो लोखंडी खिळे आणि खिळ्यांवर विटांचे तुकडे, म्हणजे ओतलेलं पाणी खिळे उधळणार नाही.

चुका नेहमी त्याच होतात. पहिली खिळ्यांची : गॅल्व्हनाइज्ड खिळे आणले की ते गंजतच नाहीत, मग फिल्टरचा अर्धा जीव गेला. साधे, काळे, छोटे खिळे घ्या. मोठ्या खिळ्यांच्या त्याच वजनात पाण्याला लागणारा पृष्ठभाग कमी मिळतो. दुसरी चूक वाळूची. गवंड्याच्या नजरेने ‘चांगली’ म्हणजे जाड वाळू, इथे ती नको. चाळून घ्या, घमेल्यात पाणी घालून ढवळा, गढूळ पाणी ओता, असं सहा-आठ वेळा. पाणी जवळजवळ स्वच्छ आलं की थांबा. त्याहून जास्त धुतली तर बारीक कण वाहून जातात, पाणी धो-धो पडतं आणि काही गाळलं जात नाही. दिवसभराचं अर्धं काम हे धुणंच असतं, बायाबापड्यांवर सोडून गवंडी सावलीत बसले असं होऊ देऊ नका.

पिंपात आधी पाणी ओता, मग वाळू. कोरड्या वाळूवर पाणी ओतलं तर आत हवेचे बुडबुडे अडकतात. नळीचं तोंड वाळूच्या पृष्ठभागापेक्षा 5 सेंटिमीटर वर यायला हवं, कारण ओतणं थांबल्यावर वाळूवर तेवढंच पाणी उरतं. ते आटलं की वरच्या थरातले उपकारक जीव मरतात. फार खोल राहिलं तर त्यांना हवा मिळत नाही. प्लंबरला सांगा, नळीचा काप मोजपट्टीने आखून घ्यायचा, अंदाजाने नव्हे. तासाला 15 लिटरच्या आसपास पाणी यावं. पुढे धार बारीक झाली तर वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू हाताने ढवळायची आणि गढूळ पाणी उपसून टाकायचं. पूर्ण वाळू उपसू नये. क्लोरीन फिल्टरमध्ये नव्हे, गाळलेल्या पाण्यात घालायचं.

जंतू अडवणारा थर जमायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर तुम्ही घरी पोचलेले असाल. म्हणून प्रत्येक घरातल्या एका बाईला आणि वस्तीतल्या एका मिस्त्रीला पहिल्या दिवसापासून हाताशी घ्या. महिन्याने तपासणी किटवर ओतायचं आणि गाळून आलेलं पाणी पडताळून कोण बघणार, ते निघण्याआधी ठरवा. सगळ्याच पाण्यावर हा फिल्टर सारखा चालत नाही. जिथे गाळलेल्या पाण्यातही आर्सेनिक निघेल तिथे दुसरा उपाय शोधावा लागेल. चार कामाच्या दिवसांत बारापेक्षा जास्त फिल्टरचा हट्ट धरू नका. सामान तिथेच विकत घ्या, आणि काम वडा (वॉर्ड) कार्यालयाला कळवून करा. शेजारी बोलतात ती थारू किंवा भोजपुरी असेल, पण हिंदी बहुतेकांना समजते.

प्रश्न : नेपाळच्या अशा कामाचा खर्च मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून करता येईल?
– खजिनदार, शहादा

उत्तर : प्रवासखर्च ज्याचा त्याने करावा, हे सगळ्यांत सोपं. ट्रस्टचं उत्पन्न भारतात खर्च झालं तरच त्यावर करसवलत मिळते. परदेशातल्या कामासाठी विशेष परवानगी लागते. शिवाय ट्रस्टच्या घटनेत तसा उद्देश लिहिलेला आहे का, तेही बघायला हवं. सीए आधी, ठराव नंतर.

प्रश्न : परासीच्या त्या कुटुंबातल्या ताईंना खाऊ म्हणून काय न्यावं? कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ टिकेल का?
– महिला मंडळ, अमळनेर

उत्तर : कळण्याचं पीठ निघायच्या आदल्या दिवशी दळा आणि दोन-तीन किलोच न्या. जुनं झालं की कडवट लागतं, भाकरीला चिरा पडतात. नागलीचे पापड, बिबडे, काळा मसाला आणि वाळलेल्या मिरच्या बिनधास्त न्या. बिबडे डब्यात भरा, पिशवीत त्यांचा गोरखपूरपर्यंत चुरा होतो. लोणच्याची बरणी मात्र राहू द्या.