रिक्षावरचा 'गॉड ब्लेस यू'

भाचा वेंगुर्ल्यात रिक्षा चालवतो. मागच्या काचेवर त्याने नुकतंच 'गॉड ब्लेस यू' रंगवून घेतलं. लेक सातवीत. ती म्हणाली, "बाबानू, ह्या चुकीचा आसा. ही-शी-इटाक एस लागता." आता पेंटरला परत बोलवू का, असं त्याने मला विचारलंय.

नको बोलवू. पोरीचा नियम बरोबर आहे, पण तो विधानाला लागतो. 'गॉड ब्लेसेस यू' म्हटलं की 'देव आशीर्वाद देतो' अशी बातमी होते. तुझ्या काचेवर बातमी नाही, इच्छा आहे: देव आशीर्वाद देवो. इंग्रजीत या रूपाला सब्जंक्टिव्ह म्हणतात आणि त्यात क्रियापद मूळ रूपातच राहतं. 'गॉड सेव्ह द किंग' तसंच. चर्चमधल्या प्रार्थनेतलं 'दाय किंगडम कम' मराठी बायबलात 'तुझे राज्य येवो' असं आहे, 'येते' नव्हे. आणि 'गुडबाय' तर 'गॉड बी विथ यी' झिजून झालेलं. तिथेही 'इज' नाही, 'बी'च.

घोटाळा होतो तो इंग्रजीत आज्ञा आणि इच्छा दिसायला सारख्याच म्हणून. आपल्याकडे कानालाच फरक कळतो. गाऱ्हाण्यात देव समोर असतो, म्हणून 'बरा कर रे म्हाराजा'. देवाबद्दल दुसऱ्याशी बोलताना 'देव तुझं भलं करो'. खाली गोव्यात आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात, तेही इच्छेचंच रूप. त्याला कोणी 'करता' म्हणून सुधारत नाही!

चूक शोधायचीच तर चतुर्थीचे बॅनर बघा. 'आपल्या सर्व मनोकामना पूर्ण होवो.' मनोकामना हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच दिसतो, तिथे डोळा फसतो. पण 'सर्व' म्हटल्यावर 'होवोत'च हवं. शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीच्या पसायदानातही हा भेद पाळलाय: तिमिर एक, म्हणून 'जावो', सोयरे अनेक, म्हणून 'सोयरे होतु'. आपण रोज हात जोडून म्हणतो आणि बॅनर छापताना विसरतो.

तेव्हा काच आहे तशी राहू दे. पेंटर मोकळा असेल तर त्याला मंडळाकडे पाठव, एक 'त' रंगवायचा आहे.