गटचर्चेत ठरावीक मुलंच बोलतात, बाकीच्यांचं काय करावं?

गटात दोन-तीन मुलंच बोलतात, बाकीच्यांना बोलतं कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट सांगते. बोलतं करायच्या मागे लागू नका, आधी लिहितं करा.

सातवीच्या वर्गाला मी एकदा विचारलं, काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा तुकडा तरंगतोय, तो वितळल्यावर पाणी सांडेल का? पाच-पाच जणांचे गट आणि एका गटाचं एकच उत्तर, हा नियम माझाच. एक गट ठासून म्हणाला, "सांडणार!" नंतर वह्या तपासताना त्याच गटातल्या एका मुलीच्या वहीत दिसलं, "पातळी तेवढीच राहील, कारण बर्फाने स्वतःच्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलंय." त्यावर रेघ मारलेली, खाली लिहिलेलं, "सांडेल." पाचांत एकटीचं बरोबर होतं, तेही कारणासकट, आणि तिने ते स्वतःच्या हाताने खोडलं होतं. विचारलं तर म्हणाली, "सगळे तसंच म्हणत होते ना, बाई."

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "चांगलंच की, जुळवून घ्यायला शिकली." त्या वाक्याचा मला अजून राग येतो. बरोबर उत्तर गिळून टाकायला शिकणं याला मी जुळवून घेणं म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात रेघांची लांबी ओळखायचे प्रयोग केले. गटातले बाकीचे आधी ठरवून मुद्दाम चुकीचं सांगायचे तेव्हा मोठी, शिकलेली माणसंही साधारण एक तृतीयांश वेळा डोळ्यांना दिसतंय ते सोडून त्यांच्यामागे गेली. तेच उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हा हे प्रमाण बरंच उतरलं. मग सातवीतल्या पोरीकडून काय अपेक्षा करायची?

त्या दिवसापासून माझ्या वर्गात आधी दोन मिनिटं सगळे गप्प, ज्याने त्याने आपल्या वहीत उत्तर आणि कारण लिहायचं. मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग गटात. शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली 'थिंक-पेअर-शेअर' (विचार करा, जोडीत बोला, सगळ्यांना सांगा) पद्धत साधारण हीच, फक्त लिहिण्याची आणि खोडायचं नाही ही सक्ती माझी. मत बदललं तर खाली नवं उत्तर लिहायचं, कोणाचा कोणता मुद्दा पटला तेही लिहायचं. गटाच्या कागदावर वेगळ्या मताला एक ओळ राखीव. ठरावीक मुलांचा आवाज याने आपोआप कमी होत नाही, पण त्यांना निदान बाकीच्यांच्या वह्या वाचाव्या लागतात.

पाढे, कविता एकसुरात म्हणायला माझा विरोध नाही, बुजऱ्या मुलाला त्यात आधार मिळतो. लिहिता न येणाऱ्या लहान मुलांना चित्र काढू द्या. फक्त "समजलं का?" वरचा "होऽऽ" उत्तर म्हणून धरू नका.

यात वेळ फार जातो, असंही तेच सहकारी म्हणायचे. चाळीस मुलं एकाच वेळी लिहितात, सर. दोनच मिनिटं जातात.