आईच्या गुडघ्यासाठी एचएसए मोडावं का?

प्रश्न : मी 41 वर्षांचा, न्यू जर्सीत नोकरी करतो. 2019 पासून एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, उपचारांच्या खर्चासाठीचं करसवलतीचं खातं) आहे, त्यात 22,000 डॉलर साठलेत, बरेचसे इंडेक्स फंडात. पुण्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, खर्च साधारण चार हजार डॉलर. त्याच फेरीत मीही दोन रूट कॅनाल आणि कॅप करून घेणार आहे. बचत खात्यातल्या नऊ हजारांना हात लावायची इच्छा नाही. गेल्या वर्षी मुलीच्या ब्रेसेसचे 3,400 बचत खात्यातूनच गेले. दोन्ही खर्च एचएसएतून करू का?

उत्तर : दातांचा करा, आईंचा नको.

एचएसएतून पैसा करमुक्त निघतो तो तुमच्या, जोडीदाराच्या आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्यांच्या उपचारांसाठी. अवलंबून कोण, हे आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) ठरवते. आई भारतीय नागरिक आणि पुण्यात राहणाऱ्या. तुम्ही दरमहा कितीही पाठवा, त्या त्यात बसत नाहीत. उद्या त्यांना ग्रीन कार्ड मिळालं आणि त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही उचललात तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्यांची पेन्शनही आड येणार नाही.

तरीही काढलेत, तर ती रक्कम उत्पन्नात धरली जाईल आणि वर 20 टक्के दंड. तुम्ही 22 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल असं धरतो. हातात चार हजार पडायला सुमारे 6,900 काढावे लागतील. दंड 65 नंतर माफ होतो, पण ते अजून फार लांब आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर तुमच्याच पत्रात आहे : ब्रेसेस. खातं उघडल्यानंतरचा कुठलाही पात्र खर्च, तुम्ही खिशातून भरलेला, नंतर कधीही एचएसएतून परत घेता येतो, मुदत नाही. अट एवढीच, की तो विम्यातून किंवा कर-वजावटीत आधी वसूल केलेला नसावा. ते 3,400 करमुक्त काढा, बचत खात्यात टाका आणि आईंचं बिल तिथून भरा. 2019 पासूनचे चष्मे, को-पे (विमा असूनही डॉक्टरकडे खिशातून भरायचा वाटा) यांच्या पावत्याही शोधा. बहुतेकांचे चार हजार याच फोल्डरमध्ये पडलेले असतात!

एरवी मी पावत्या सांभाळून फंड वाढू द्या म्हणतो. पण न्यू जर्सी (आणि कॅलिफोर्निया) एचएसएला राज्याच्या करात सूट देत नाही, त्यामुळे लाभांशावर आणि नफ्यावर राज्याचा कर लागतोच. वाढू देण्याचा फायदा तुमच्याकडे थोडा कमी आहे. आणि नऊ हजार ही कुटुंबासाठी काही फार मोठी गंगाजळी नव्हे.

आता दात. परदेशातले उपचार चालतात, रूट कॅनालही आणि कॅपही. फक्त दात पांढरे करून घेतलेत तर ते यात धरू नका. एचएसएचं कार्ड तिथे चालेलच असं नाही, म्हणून क्रेडिट कार्डाने भरा आणि परतल्यावर रक्कम काढा. दवाखान्यात चिठ्ठीवर ‘रोख मिळाले’ लिहून देतील, ती घेऊ नका. लेटरहेडवर, इंग्रजीत, तुमचं नाव, कुठल्या दाताचं काय केलं, तारीख आणि रुपये असं बिल मागून घ्या, आणि त्या दिवसाचा डॉलरचा भाव त्यावर टिपून ठेवा. रिटर्नबरोबर फॉर्म 8889 भरायचा असतो. पावत्या जोडायच्या नसतात, पण कुणी विचारलं तर दाखवाव्या लागतात.

विमानाचं तिकीट यात घालू नका. तुम्ही जाताय ते आईंसाठी.